बदलीच्या कोंबड्या

नाही हो डॉक्टर, विष नाही — आधी मलाही तेच वाटलं होतं, शेजारच्या शिंप्यावर मी डोळा ठेवून होतो, त्याला आमच्या कोंबड्यांचा आवाज खपत नाही — पण विष असतं तर सगळ्या एका झटक्यात आडव्या झाल्या असत्या की नाही? या एकेक करून जाताहेत. आधी शिंकतात. कोंबडी शिंकते हे मला साठी उलटल्यावर कळलं. मग नाक वाहतं, डोळा सुजतो, घशात घरघर लागते, चोच उघडी टाकून कोपऱ्यात बसून राहतात, आणि सकाळी बघावं तर पाय ताठ. या पिशवीतून आणलीय, हिचंही तसंच झालं. तुम्ही फक्त ही फाडा आणि आत काय आहे ते सांगा. मी थांबतो. दुकान बंद करून आलोय — केस कापायचं दुकान आहे माझं, कोपऱ्यावरचं, तुमच्याकडे येणाऱ्या निम्म्या कुत्र्यांचे मालक माझ्याकडेच डोकं देतात — आज एकाला अर्ध्या दाढीवर म्हटलं, बाबा, उरलेली घरी कर. हसू नका. म्हणजे हसा, पण लवकर फाडा.

काय नाही केलं? पाणी बदललं, दाणे बदलले, खुराडं उकळत्या पाण्यानं धुतलं, चुना मारला, वारं लागू नये म्हणून जाळीला पोतं बांधलं, लसूण कुटून पाण्यात घातला. कुणी पुडी दिली, ती दिली. जिवाचं रान केलं हो. तुम्ही म्हणाल, कोंबडी म्हणजे काय, आज ना उद्या तव्यावर जायचीच. आमच्या नाही जात. आमच्या हिच्या आहेत त्या. हिचं हृदय थकलंय — हॉस्पिटलातून घरी आणली तेव्हा डॉक्टरांनी, म्हणजे माणसांच्या डॉक्टरांनी, मला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं. हिला कुणी काही बोललं नाही, पण ती काय दूधखुळी आहे? खिडकीशी पलंग लावून घेतला, अंगणात बघितलं आणि म्हणाली, या आहेत तोवर मी आहे. गमतीत म्हणाली. म्हणजे — गमतीतच म्हणाली असणार, तिची जीभ पहिल्यापासून तशीच आहे, लग्नात मला म्हणाली होती, तुमचेच केस कोण कापतं हो, इतके वाईट? — पण तेव्हापासून रोज दुपारी उशीला टेकून बसते आणि मोजते. नावं घेऊन. मास्तरीण, बोडकी, ठिपकी, भांडखोर, सगळ्या. सगळ्या भरल्या की मग ताटाला हात लावते. एखादी मागच्या बाजूला गेलेली असली तर घास तसाच. आता कळलं, मी इथे का आलोय?

नवीन? नाही, छे. बाहेरची एकही नाही आणली. कशाला आणीन? घरच्याच सगळ्या, अंड्यातून निघालेल्या, हिच्या हाताखाली वाढलेल्या. आसपासच्याही इकडे येत नाहीत, मध्ये भिंत आहे — काय बघताय? हातमोज्याला काय लागलं? काळं? मळ असेल हो, धुळीत लोळतात त्या. पंखावरून आलं? आणखी चोळू नका ना. चोळू नका म्हणतो ना. बरं. बरं. कलप आहे तो. केसांना लावतात तो, साधा.

ही ठिपकी नाही. ठिपकी केव्हाच गेली, ही तिच्या जागी आणलेली, बदलीची. ठिपक्यांची कोंबडी सगळा बाजार पालथा घातला तरी मिळेना, पांढरी मिळाली, मग काय करणार — दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं, हिला खुर्चीत बसवली, गळ्याभोवती कापड गुंडाळलं, हाताला सवय हो, आणि ब्रशनं एकेक ठिपका घातला. इतकं शांत गिऱ्हाईक मला आयुष्यात मिळालेलं नाही. बायकोची नजर अधू झालीय, लांबून रंग तेवढा कळतो. खपून गेली. मी दाराआड उभा होतो, ती म्हणाली, ठिपकी आज जरा सुधारलीय. मला रडावं की हसावं कळेना, मोरीत जाऊन तोंड धुऊन आलो. त्या कलपानं तर नाही ना मेली? खरं सांगा. हेच मला आतून खातंय. नाही? नक्की नाही? मग? किती जणी बदलीच्या? असतील… अहो, जवळजवळ सगळ्याच. एक जायची, मी एक आणायचो. मूळची आता मास्तरीण तेवढी उरलीय, आणि आज सकाळी ती शिंकली.

परत सांगा. हळू सांगा, मी शिकलेला माणूस नाही. बाजारातली कोंबडी दिसायला ठणठणीत असते, पण रोग अंगात घेऊन हिंडते — हां — आणि आणल्या आणल्या बाकीच्यांत सोडली की त्यांना देते. म्हणून आठवडेच्या आठवडे वेगळी ठेवायची असते. वेगळी कशी ठेवणार हो? ती मोजते ना! आज मेली की दुपारपर्यंत तिच्या जागी दुसरी हवी. म्हणजे मी एक आणायचो, ती दोघींना लागण करायची, त्या मरायच्या, मी पुन्हा बाजारात — आणि शिंप्याच्या नावानं बोटं मोडायचो. मीच. माझ्याच हातानं, पिशवीतून, रोग घरात आणून सोडत होतो आणि वर चुना मारत होतो. थांबा, मला जरा या स्टुलावर बसू द्या.

कसला आवाज? नाही, काही नाही. ती माझी दुसरी पिशवी. पायानं हलली असेल. नका वाकू हो. बघा मग, बघा — जिवंत आहे. येता येता घेतली. ही बदलीची ठिपकीही गेलीय ना, दुपार व्हायच्या आत — कलपही घेतलाय खिशात. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात, मी तर आख्खं खुराडं झाकायला निघालो होतो.

पहिली कोण गेली म्हणता? बोडकी. मानेवर पीस नव्हतं म्हणून बोडकी. नाही, ती शिंकत नव्हती. घरघर, नाही. डोळे छान होते. म्हातारी होती हो ती, अंडी देणं कधीच सोडलेलं, उन्हात बसली होती, मान खाली घातली आणि संपलं. म्हणजे — म्हणजे तिला काही झालंच नव्हतं? तेव्हा मी घरात जाऊन एवढंच म्हटलं असतं, अगं, बोडकी गेली, वय झालं होतं तिचं — तर बाकीच्या सगळ्या आज…? मान काय हलवता, बोला ना. नको. नका बोलू.

उरलेल्याही? मास्तरीणसुद्धा? तुमचा माणूस येऊन सगळ्याच मारून… आजच? एकदम नको हो. हात जोडतो. एकेक करून न्या, मी काहीतरी सांगत जाईन, अंड्यांवर बसलीय, अडगळीत शिरलीय. हाल होताहेत त्यांचे, माहीत आहे मला, ती घरघर मी रोज ऐकतो. पण तिला एकदम रिकामं अंगण दाखवायचं? तुम्ही या ना माझ्याबरोबर. तुम्ही सांगा. परक्याचं ऐकून घेते ती. नाही. बरोबर आहे. बायको माझी आहे.

तो चाकू ठेवा जरा. मेहुणी बसलीय तिच्याजवळ, एकटी नाही ती. एक फोन करतो.

हां, मीच. औषध घेतलंस? बरं. उठून बसलीस? मोजल्यास का? नाही ना, मग राहू दे. आज नको मोजू. अगं, ऐक तर. बोडकी मेली. नाही, आज नाही, मागेच. ठिपकी पण. भांडखोर पण. तू मोजतेस त्या… त्या तुझ्या नाहीत गं, बाजारातून आणलेल्या आहेत. मी आणायचो. तू जेवावंस म्हणून. मास्तरीण आहे, पण तीही… तीही राहायची नाही. चुकलं माझं. ऐकतेस ना? हॅलो? शिव्या दे, काही दे, पण बोल. हॅलो?

नाही डॉक्टर, कट नाही झाला. ते मागचं कुत्रं गप्प करा हो कुणीतरी. श्शू. तिचा श्वास ऐकू येतोय.