उसवलेला कोपरा

"हॅलो? … हो, अंजलीच बोलतेय. … अय्या, अक्का तुम्ही! एवढ्या सकाळी? बोला ना…"

गंगव्वाअक्का निपाणीकडच्या, बंगळूरच्या जयनगरात अंजलीपासून दोन गल्ल्या सोडून एकट्या राहत. दर बुधवारी दुपारी अंजलीच्या हॉलमध्ये सतरंजीवर चिंध्या-दोरे पसरून राजलक्ष्मी धरून चौघी जणी बसायच्या, त्यांतल्या त्या वडीलधाऱ्या. चौघींनी महिनाभर खपून त्यांच्या लाडक्या श्वेताच्या बाळाला दुपटं शिवलं होतं, प्रत्येकीला एक कोपरा. काल येलहंक्याला बारसं झालं. अक्का गेल्या नव्हत्या. मुलगा मंजुनाथ होसकोट्याला राहतो, त्याच्या बायकोला, धनलक्ष्मीला, पाठवलं होतं.

"बारसं ना? छान झालं… हो, आर्या ठेवलं नाव… दुपटं? आवडलं की! … कोपरा? कुठला कोपरा, अक्का?"

"… श्वेता फोनवर म्हणाली, चारही कोपरे एकसारखे? … हं… नाही हो, मी कशाला… म्हणजे… स्वल्प. दोरा सैल होता, तेवढाच…"

सैल कसला! अक्कांचा धावदोरा तुकडा सोडून भलतीकडेच गेला होता, एक पिवळा तुकडा तर उलटाच बसलेला. शुक्रवारी अंजलीने कुणाला न सांगता तो अख्खा कोपरा उसवून पुन्हा शिवला होता.

"रागावलात ना? … काय? … उपकार? असं बोलू नका हो!"

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"दिसत नाही म्हणजे? … उजव्या डोळ्याने मुळीच? … डाव्यानेही अंधुक? … गणपतीपासून! अहो, आणि सुई तुम्ही नुसती चाचपून… हो… आम्हाला कळलंच नाही… डॉक्टर काय… का नको? … मंजुनाथला कळेल म्हणून?"

"हो… हो… घराला कुलूप लावून होसकोट्याला घेऊन जाईल… कळतंय मला… बुधवार तेवढाच तुमचा… अक्का, रडू नका ना."

कुणाला सांगू नकोस, एवढंच अक्का मागत होत्या.

काल जेवणं झाल्यावर दुपटं हातोहात फिरत होतं. कुणीतरी तिच्या हाताचं कौतुक केलं आणि ती फुलली. 'हा कोपरा आमच्या अक्कांनी कसा शिवला होता माहितीये? आंधळ्या कोशिंबिरीत शिवावा तसा! सगळा उसवला मी.' शिवाय डोळे मिटून, हवेत सुई खुपसून तिने नक्कलही करून दाखवली होती. बायका हसून लोटपोट. समोर धनलक्ष्मी बसली होती. ती हसली नव्हती.

"हॅलो? … आहे, आहे मी… नाही, अक्का, शपथ नका घालू. ऐका ना… मी सांगून बसलेय. … काल. … सगळ्यांसमोर. … हो, धनलक्ष्मी होती. … नाही हो, काळजीने नाही सांगितलं. हसवायला सांगितलं. मला शाबासकी मिळावी म्हणून."

अंजलीने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"अक्का… शिव्या द्या मला, पण बोला… काय? मंजुनाथ आज येतोय? सुट्टी काढून? … कारण नाही सांगितलं? … मी बोलू त्याच्याशी? सांगते ना, नुसती थट्टा होती, अक्कांना स्वच्छ दिसतं… नको? … हो. आणखी खोटं नको. … हो."

"मग डॉक्टरांकडे मी नेते तुम्हाला. बुधवारी घ्यायलाही मी येईन, सोडायलाही. मंजुनाथला तसं सांगते, मान खाली घालून सांगते… येऊ ना? … अक्का?"

"… हं? … हसल्या का म्हणजे? … हसल्या. … राजलक्ष्मी? … तीसुद्धा. … श्वेता…"



"श्वेतासुद्धा, अक्का."

"… बेल वाजली? तुमच्याकडे? … लगेच उघडू नका… नाही, नाही, उघडा… मी निघालेच, त्याला दहा मिनिटं थांबवा, सरी? बरं का? … अक्का?"

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग भिंतीला हात लावत जाणाऱ्या सावकाश चपला, कडी, आणि एका पुरुषाची आईला हाक, 'अव्वा'. अक्का कन्नडमध्ये काहीतरी म्हणाल्या, ते तिला कळलं नाही. मग कुणीतरी फोन जागेवर ठेवला.

अंजली होती त्याच साडीत जिना उतरली.