ममझेर म्हणजे कोण?

ईरम्मा : आन मी वंगाळ काय बोलले, मास्तर? पंच म्हणले, शांतीचा बाप कोण. मी म्हणलं, येल्लम्मा. आमा जोगतिणींच्या लेकरांची मायबी तीच, बापबी तीच.

गुरप्पा मास्तर : ईरम्माबाई, चर्चमध्ये, पाळकांसमोर येल्लम्माचं नाव घेतलंत. लगेच एकाने शास्त्र उघडलं. ‘ममझेराने परमेश्वराच्या मंडळीत येऊ नये.’ आमच्या मुलाचं नि शांतम्माचं लग्न तिथंच अडलं.

ईरम्मा : त्यो ममझेर कोण म्हणायचा?

मास्तर : इब्री शब्द आहे. मराठीत जारज म्हणतात.

ईरम्मा : म्हंजी माजी शांती.

मास्तर : तसं नक्की नाही. अख्ख्या जुन्या करारात तो दोनच जागी येतो. कुणी जारज म्हणतं, कुणी निषिद्ध नात्यातलं मूल, कुणी परक्या लोकांशी मिसळलेलं. खात्री कुणालाच नाही.

ईरम्मा : मग उद्या सांगा की पंचांस्नी. इब्री येतं ते तुमालाच.

मास्तर : आणि नवरा मुलगा माझाच. म्हणतील, लेकासाठी मास्तरांनी देवाचा शब्द वाकवला. शाळेतून काढतील.

ईरम्मा : भ्या वाटतंय व्हय?

मास्तर : वाटतं.

(ते उठून खिडकी लावू लागतात. बाहेर त्यांची बायको केराबाई दळायला बसली आहे, आणि जातं मघापासून थांबलंय, हे आत्ता त्यांच्या ध्यानात येतं. खिडकी तशीच राहते.)

ईरम्मा : मग बाप म्हणून मी तिप्पण्णा साळ्याचं नाव घेते. तापाच्या साथीत गेला. मेलेलं माणूस खोटं पाडाया येतंय थोडंच?

मास्तर : त्याच्या मागं कुणी आहे?

ईरम्मा : बायकू हाय. होटगीला.

मास्तर : मग तिच्या दारात हा चिखल नको.

ईरम्मा : माळावरची बोर कुणी लावली, कोन इचारतं, मास्तर? गोड लागली की खात्यात. पोरीला काखंत घिऊन जोगवा मागितला, पर परडी तिच्या हाती दिली न्हाई. तुमच्याच शाळंत घातली.

मास्तर : उद्या पंचांना सांगेन, अर्थ मला ठाऊक नाही. आणि ठाऊक नसलेल्या शब्दानं मी सून अडवणार नाही.

ईरम्मा : येवढं शिकून ठाऊक न्हाई? हसतील की.

मास्तर : हसू देत. शांतम्माला म्हणावं, उद्या चर्चमध्ये पुढं केराबाईजवळ बस.

ईरम्मा : आन मी? गळ्यात येल्लम्माचे मणी हायती. ते तोडणं मला व्हायचं न्हाई.

केराबाई (बाहेरून) : माज्या दोनी अंगाला जागा हाय म्हणावं.