दोघींनी मिळून घ्यायचं बक्षीस

हॅलो?… हो, आत्याच बोलतेय. थांब, गॅस बारीक करते… हं, बोल.

काय मिळालं?… बक्षीस? कशाचं गं?… अच्छा, तुझ्या दादाचं लग्न झालं त्या वर्षी तू आणि तुझ्या त्या मैत्रिणीनं, झिपरीनं, हाती घेतलेला तो अभ्यास. माणसं भांडणं कशी मिटवतात त्याचा… न आठवायला काय झालं? पहिला प्रयोग माझ्यावर आणि यांच्यावरच केलात की. पंख्यावरून जुंपली होती आमची… हो, हो… आधी समोरच्याची तक्रार आपल्या तोंडाने सांगायची, आणि तो ‘बरोबर’ म्हणेपर्यंत आपली काढायची नाही. घाम पुसत पुसत यांची थंडी सांगितली मी.

मग आवाज असा का?… नाकारणार? का पण?… बरं… दोघींनी मिळूनच घ्यायचं म्हणतात… आणि तुला तिचं तोंड बघायचं नाही… अगं, हसू नको तर काय करू? भांडण मिटवण्याचं बक्षीस, आणि घेणाऱ्या दोघींचा अबोला.

अगं ऐक ना… तिची तक्रार काय, ते सांग… तुझी नंतर… छे, ‘ती हट्टी आहे’ ही तुझी झाली. तिची सांग… हं… आई आजारी म्हणून ती गावी गेली. पुढे?… मुदत संपत होती, हे तुझं. तिचं बोल… हं… तिला न विचारता शोधनिबंध पाठवलास… घरोघर ती फिरली आणि नाव तुझं वर… अजून एक राहिलं… आठव की… मी आहे फोनवर, जात नाही कुठे…

हो. तिच्या आईची एकदाही चौकशी केली नाहीस. बरोबर.

रडू नको. पाणी पी… मला कसं माहीत? फोन करते ती मला. अबोला तुमचा, माझा कशाला असेल?

करशील तिला फोन?… बक्षिसासाठी?… मग?… हं. चुकलं म्हणायला. कर… आत्ताच कर.

थांब, ठेवू नको. एक सांगायचं आहे… मुद्दाम मागे ठेवलं. कीव करून कुणी फोन करायला नको, असं तिनंच बजावलं होतं मला… सांगते, ऐक. आईची तब्येत कशी आहे, असं तेवढं विचारू नकोस.

तिची आई गेली. परवा, सोमवारी सकाळी.