तीन तोंडांची बातमी

(तुरुंगातली धुलाईची खोली. दुपार. दोन कैदी ओल्या चादरीची दोन टोकं धरून ती पिळताहेत.)

ड्रायव्हर: तिघांनी सांगितलं काका, तिघांनी! याहून पक्कं काय असतं?

काका: आधी नीट पीळ. चादर गळतेय अजून. आणि आवाज खाली घे, दारात शिपाई उभा आहे.

ड्रायव्हर: तुम्हीच म्हणाला होतात ना? इथं एकाच्या तोंडून बातमी आली तर हसून सोडून द्यायची, पण तीन तोंडांतून आली तर खरी धरायची.

काका: म्हणालो होतो. इथं फोन नाही, पेपर येतो तोही कात्री लावून. माणूस करणार काय? पण बातमी कसली ते तर सांगशील? आल्यापासून सारखा दाराकडे बघतोयस.

ड्रायव्हर: मुकादम आलाय. इथं, आपल्याच तुरुंगात.

काका: आता हा कोण मुकादम?

ड्रायव्हर: काका, मी अपघाताच्या केसमध्ये आत आलेलो नाही. सगळ्यांना तसं सांगतो, एवढंच.

काका: ते मला केव्हाच कळलं होतं. भिंतीला पाठ लावल्याशिवाय तू जेवायलासुद्धा बसत नाहीस. पुढे बोल.

ड्रायव्हर: मी गाडी चालवत होतो. मागे मुकादम आणि गोदामाचा रखवालदार. जाताना तिघं होतो, येताना दोघंच. सोमवारी कोर्टात मी मुकादमाचं नाव घेणार आहे. बायको म्हणाली, काय ते खरं सांगून मोकळे व्हा.

काका: हे इथं कुणाला माहीत आहे?

ड्रायव्हर: आता तुम्हाला. बाकी कुणाला नाही.

काका: बरं. तुझे ते तिघं कोण?

ड्रायव्हर: आधी माळी. नळावर म्हणाला, कोणी लंगडा आलाय नवा. मुकादम लंगडतो, काका! मग आचारी म्हणाला, त्या लंगड्यापासून जपून राहायला हवं. आणि मग पाणीवाला. त्याने 'लंगडा' म्हटल्यावर पुढचं सगळं नुसतं कानावरून गेलं, डोक्यात काही शिरलंच नाही.

काका: थांब, थांब. त्याआधी तू कुणाला काही विचारलं होतंस?

ड्रायव्हर: छे! म्हणजे... कंपाउंडरला विचारलं होतं. नवा माणूस आला की दवाखान्यात तपासतात ना, म्हणून.

काका: काय विचारलंस? जसंच्या तसं सांग.

ड्रायव्हर: 'एखादा लंगडणारा माणूस आलाय का?' एवढंच. परवा. तो म्हणाला, 'नाही बुवा, का रे?' मी म्हटलं, काही नाही, असंच.

काका: अरे देवा! इथं असंच कुणी काही विचारतं का, शहाण्या? कंपाउंडर दुपारी कुणाजवळ जाऊन बसतो?

ड्रायव्हर: आचाऱ्याजवळ.

काका: आणि आचाऱ्याला भाजी कोण आणून देतं?

ड्रायव्हर: माळी.

काका: मग? तू विचारलंस, आचाऱ्याने तर्क लढवला, माळ्याने शिक्कामोर्तब केलं, नळावर पाणीवाल्याने तेच ऐकलं! तुझाच प्रश्न तुरुंगभर हिंडून तुझ्याच दारी पाहुणा आला आणि तू त्याला बघून घाबरलास!

ड्रायव्हर: म्हणजे तीन तोंडं नाहीत?

काका: एकच तोंड, आणि तेही तुझं.

ड्रायव्हर: अहो काका, पाया पडू का तुमच्या? डोळ्याला डोळा लागला नाही हो! मी तर आता जेलरसाहेबांच्या दाराशी जाणार होतो, मला वेगळ्या खोलीत ठेवा म्हणून सांगायला.

काका: भलतंच काय! त्या दारात एकदा पाऊल पडलं की तू सगळ्यांच्या लेखी खबऱ्या. तुझ्या आधी इथं शिंपी होता. भला माणूस. आईच्या आजारपणाचं विचारायला दोनदा गेला साहेबांकडे. जिन्यावरून पडला म्हणतात.

ड्रायव्हर: पडला?

काका: म्हणतात. तेव्हापासून मी त्या बाजूला फिरकलो नाही. माझी सुटका कधी, तेही विचारायला नाही.

ड्रायव्हर: तुम्हालाही एवढी भीती वाटते?

काका: वाटते की. दगड आहे का मी? घे, ही दुसरी धर. आणि हस जरा, तोंड बघ कसं झालंय! पाणीवाल्याने काय तारे तोडले, ते तरी सांग.

ड्रायव्हर: तो तर सगळ्यांवर कडी! लंगडा बुटका आहे म्हणे, आवाज घोगरा, आणि डाव्या हाताची दोन बोटं...

काका: दोन बोटं काय? जास्त आहेत?

ड्रायव्हर: नाहीत.

काका: काय तिखटमीठ लावतात लेकाचे! अरे, चादर सोडू नकोस. काय झालं?

ड्रायव्हर: काका, मुकादमाला दोन बोटं नाहीत. डाव्याच हाताची.

काका: मग कंपाउंडरला बोलून गेला असशील तू.

ड्रायव्हर: नाही.

काका: आठव नीट. घाबरलेला माणूस काय वाट्टेल ते बोलून जातो.

ड्रायव्हर: लेकीची शपथ. लंगडण्याशिवाय मी कुणाला काही बोललो नाही. बोटांचं तर तुम्हालाही आत्ताच सांगतोय.

काका: नव्या माणसांच्या कोठडीत पाणी कोण देतं?

ड्रायव्हर: तोच. पाणीवालाच.

काका: म्हणजे कंपाउंडर खोटं बोलला नव्हता. परवा नसेल आलेला. काल आला असेल.

ड्रायव्हर: काका, तुम्ही असे काय बघताय माझ्याकडे?

काका: पाणीवाला सकाळी मलाही भेटला होता.

ड्रायव्हर: मग?

काका: विचारत होता, ड्रायव्हर धुलाईतून किती वाजता सुटतो.

ड्रायव्हर: तुम्ही काय म्हणालात?

काका: मी सांगितलं.

ड्रायव्हर: काका!

काका: सांगितलं रे बाबा! वाटलं, तुझ्याकडे काही काम असेल त्याचं. दुसऱ्यांना शिकवत फिरतो आणि माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं. चप्पल घाल.

ड्रायव्हर: कुठे?

काका: साहेबांकडे.

ड्रायव्हर: शिपायाला सांगू या ना, दारातच उभा आहे.

काका: त्याच्या तोंडून ते कुणाच्या कानावर जाईल, सांगता येतं का? एकदम साहेबांकडेच जायचं. त्याला सांगतो, साबण संपलाय.

ड्रायव्हर: मग मी एकटा जातो. साक्ष झाली की मला दुसरीकडे हलवतील, मी सोमवारनंतर इथं नसेन. तुम्हाला इथंच राहायचंय.

काका: एकटा तू मधलं मैदान ओलांडू शकणार नाहीस. ऊठ.

ड्रायव्हर: तुम्हालाही भीती वाटते म्हणालात ना, काका.

काका: वाटू दे. तू भिंतीच्या बाजूने हो.

ड्रायव्हर: सगळे बाहेर बसलेत. तुम्हाला त्या दारात जाताना बघतील.

काका: बघतील. चल.