घर छान आहे हो!

नाही, पण मला सांगा, छत गळतं का? नाही. भिंतीला ओल? नाही. शेजारी भांडकुदळ? छे, बिचारे कुणाच्या अध्यात ना मध्यात! मग दोन वर्षं झाली, हे घर विकलं का जात नाही? येणारा प्रत्येक जण म्हणतो, 'घर छान आहे हो!' ...आणि जातो.

तुम्हाला सांगतो, घेतलं तेव्हा बँक नुसती मागे लागलेली. कर्जसाहेब म्हणाले, 'पगाराचं नंतर बघू हो, आधी इथं सही करा!' कर्ज सगळ्यांनाच, म्हणून एका घरामागे पाच जण. मी इरेला पेटून सगळ्यांच्या वर भाव दिला आणि जिंकलो... जिंकलो कसला! सहा महिन्यांत बँकांनी हात आखडले, भाव गडगडले, आणि नेमकी बायकोची बदली, नर्स आहे ती, पार दूरच्या गावी. लेकीला घेऊन ती गेली, मी राहिलो घर दाखवायला. स्वस्तात विकावं तर कर्ज फिटत नाही, भाड्यानं द्यावं तर हप्ता भाड्याच्या दुप्पट! लेक रोज फोनवर विचारते, 'बाबा, विकलं?' मी म्हणतो, 'उद्या.' परवा म्हणाली, 'बाबा, तुमचा उद्या कधी येतो?'

गेल्या महिन्यात एक वायरमन आला बायकोला घेऊन. तिला सातवा महिना. तिनं खिडकीजवळचा कोपरा वितीनं मोजला, पाळण्यासाठी! 'घर छान आहे हो,' म्हणाली, आणि चक्क थांबली! भावही जमला. मी वायरमनचा हात धरून थेट त्याच कर्जसाहेबांकडे.

'पगाराची पावती?'

'साहेब, धंदा माझाच, पावती कोण देणार?'

'मग एक तृतीयांश रक्कम आधी भरा.'

मी टेबलावर हात आपटला, 'अहो, हेच घर, हेच टेबल, मला तर चहा पाजून कर्ज दिलंत!'

'वरून नियम बदललेत.'

वायरमन उठला. जाताना उलट मलाच म्हणतो, 'काका, वाईट वाटून घेऊ नका.'

मी बसूनच राहिलो. जाणार कुठे? तर साहेब खुर्ची ओढून जवळ आले, हळूच म्हणाले, 'रोखीनं घेणारा कुणी भेटला ना, तर आधी माझ्याकडे पाठवा. माझंही घर दोन वर्षं पडून आहे.'

आता दर रविवारी साहेब माझं घर बघायला येतात, मी त्यांचं. नळ सोडून बघतो, खिडक्या लावून बघतो, भावावरून घासाघीससुद्धा करतो... दुसरं येतंय कोण!