पाळण्यावरची पाटी

— नाही, नाही, हा रंग आत्ताचा नाही. हात फिरवून बघ की चांगला. ही लाली आमच्या गोठ्याची, माझ्या आज्याने मारलेली. अख्ख्या विस्कॉन्सिनात असे गोठे आता शोधावे लागतात, लोकांनी पाडले आणि पत्र्याच्या शेडी ठोकल्या. आमचा वादळात कलला, गायी तर आधीच विकलेल्या — मग म्हटलं, जाळण्यापेक्षा फळ्या काढू. खिळे उपटायचे, कडा मशीनवर घासायच्या, नाव रंगवायचं, झाली पाटी. त्या दुकानातल्या बघितल्यास ना? नवं कोरं पाइन घेतात, सिरक्यात तारेचा काथ्या भिजवतात आणि ते पाणी फासून लाकूड म्हातारं करतात. फसवाफसवी नुसती. आपल्याकडे रंगाचे पोपडे खरे, वर व्हार्निशसुद्धा नाही — व्हार्निश मारलं की लाकडाचं तोंडच बंद होतं.

पाळण्याच्या डोक्याशी लावायची म्हणालीस, मग अक्षर मोठं घेऊ. नाव? हेझल. छान आहे. म्हणजे मुलगीच. बस तू त्या स्टुलावर, पोट घेऊन किती वेळ उभी राहशील. पूर्वी बाळाचं नाव आधी सांगत नसत, आता पाटी आधी आणि बाळ मागून — चालायचंच, आमचं पोट त्यावर भरतं.

ऐकलं मी, ऐकलं. जुन्या रंगात शिसं असतं, पोटात गेलं की पोरांना बाधतं. हो, असतं म्हणतात. मी त्याच गोठ्यात वाढलो, दात येताना त्याचंच दार चावलं, आणि हा बघ तुझ्यासमोर उभा आहे — आता लोर्ना, माझी बायको, म्हणते की परिणाम दिसतोच आहे, पण तिचं सोड. आमची सून शेलबीही हेच धरून बसलीय. दवाखान्यात स्वागताला बसते ना, त्यामुळे आपण डॉक्टरच झालो असं वाटतं तिला. ती आणि माझा मुलगा कर्ट कामावर गेले की मारिट, माझी नात, इथेच असायची. मी मशीन चालवायचो आणि ती दारापाशी, तू बसलीयस ना तिथेच, लाल भुशाचे केक करायची. कॉफीच्या डब्याच्या झाकणात थापायची, मला भरवायला आणायची. मी खोटं खोटं खायचो. मग ती खायची. एवढ्याशा पोरीला खोटं खोटं कुठलं कळतंय — आणि तो रंग गोड लागतो म्हणे. मला काय ठाऊक गोड लागतो? मी काय चाटत बसलो होतो?

तर तिचं रक्त तपासलं. शिशाचा आकडा मला सांगूच नकोस म्हटलं शेलबीला. मुलं उशिरा बोलतात, कर्टही उशिरा बोलला. फरक इतकाच की मारिट आधी बोलायची. ट्रॅक्टर म्हणायची, मांजर म्हणायची, मला ‘ग्रॅम्पा’ जमायचं नाही म्हणून नुसतं ‘पा’ म्हणायची. आता माझ्या तोंडाकडे बघत राहते, वाटतं की आला, आता शब्द आला — आणि मग जमिनीवर डोकं आपटते. आपटते म्हणजे, आपटायची. हल्ली दिसते कुठे? ख्रिसमसला गेलो तर सुनेने अंगावरचा भुसा बघून दारातच अडवलं. म्हणाली, ‘कपडे बदलून या, नाहीतर येऊ नका.’ कर्ट तिच्या मागेच उभा होता. गाडीत बसून रडलो मी, सांगायला काय लाज. आणि म्हणे हे काम बंद करा. का म्हणून? गावातल्या निम्म्या घरांत माझ्या पाट्या आहेत, किती पाळण्यांवर आहेत — कोण आलं तक्रार घेऊन? आणि मी आज बंद केलं, तर तिचंच खरं झालं ना. कळतंय का तुला? मशीन थांबवली की मीच त्या पोरीचं — म्हणून रोज सकाळी सगळ्यात आधी मशीन चालू करतो. आवाज बरा वाटतो.

असो. हेझलच्या पहिल्या अक्षराला वळण देऊ की सरळ ठेवू? सरळच बरं दिसतं, लांबून वाच—

थांब. तुझा हात. लाल झालाय तो, ओठावर आलेली बट त्याने काढू नकोस. अगं, काढू नकोस म्हणतोय ना. तोंड बंद ठेव आणि बाहेर जा, नळ आहे, साबण आहे, नखांच्या आतून धू. मग तोंड धू. परत हात धू.

नाही, ती फळी ठेव तिथेच. विकायची नाही. नाही म्हणजे नाही, दुसरीकडून घे, ती सिरक्याची घे. माझ्याकडे काय बघत बसलीयस, जा ना आता — आणि ऐक, बूट घराबाहेर काढ. आत नेऊ नकोस.