काठ पाहिला, चेहरा नाही

आता तुम्हीच सांगा, माणसानं भरोसा ठेवायचा तरी कोणाच्या डोळ्यांवर? मी म्हणत होतो, माझ्या! अख्खी जिंदगी पंडरीच्या बाजारात कापड विकून राहिलो, गिऱ्हाईक पायरी चढत नाही तोच ओळखतो, अंगावर सूत आहे की पॉलिस्टर... अन् तुम्हाले सांगतो, याच डोळ्यांनी भरबाजारात माझं नाक कापलं!

झालं काय, दुकानाला चिकटून असलेलं जुनं लॉज पाडलं. आता कॉम्प्लेक्स होणार, सगळीकडेच होऊन राहिले! लॉज पडलं, तशी माझ्याच दुकानाची बाजूची भिंत उघडी झाली, अन् भिंतीवर... अहो, बाबांनी रंगवून घेतलेली जाहिरात! 'अस्सल नऊवारी, वाजवी भाव', अन् शेजारी दोन पुरुष उंचीची बाई, लुगडं नेसून उभी. मी वर पाहिलं अन् ओरडलो, "करवतकाठी! पण करवतीचे दात कुठं गेले? काठ चुकला!"

काठ पाहिला, चेहरा नाही!

माझी नात गंधाली, पोट्टीला मराठी समजते सारी, उत्तर हिंदीत. म्हणते, "दादाजी, काठ छोड़ो ना! ये तो बड़ी आजी है!"

बडी आजी म्हणजे माझी आई. चष्मा पुसला... आईच हो! हनुवटीवरच्या तिळासकट!

ठेकेदार भार्गव म्हणे, "अंकल, परसों हमारी दीवार चढ़ेगी, फिर कुछ नहीं दिखेगा." म्हणजे आईले दाखवायचं तर उद्याच! अन् आईचे गुडघे असे, की अंगणात जायलाही दोघं लागतात. मी भीत भीत विचारलं, तर म्हणते, "ऑटो बोलाव." इस्त्रीचं लुगडं नेसून तयार!

ऑटोतूनच वर पाहत राहिली. मग म्हणाली, "नत्थू पेंटर. तेव्हा भिंत रंगवणाऱ्याचं जेवण मालकाच्या घरून असे. मी वाढत जाय, तो मान खाली घालून जेवे. कधी पाहिलं मेल्यानं!"

"मग बाबाले काहून नाही सांगितलं?"

"सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं असतं, सुनेचं तोंड भररस्त्यावर म्हणून! अन्... मले वाटे, ओळखतील ते स्वतःच. रोज या भिंतीखालून दुकानात जात, अन् घरी येऊन म्हणत, काठ चुकला."

काठ पाहिला, चेहरा नाही! खानदानीच रोग म्हणा ना!

"लॉज बांधलं, भिंत झाकली, त्या दिवशी मी जेवले नाही," आई म्हणाली. "तुझे बाबा म्हणाले, पित्त झालं असेल."

मले हसावं की रडावं कळेना. आईनं गंधालीच्या गालावरून हात फिरवला. "चला. पाहिलं बा कोणीतरी."

गंधालीनं फोटो काढला म्हणून बरं, भार्गवची भिंत चढली दुसऱ्या दिवशी. पण त्या दिवशी परतताना, सोबत आलेल्या आमच्या मंडळींनी, वनमालानं, ऑटोतच विचारलं, "इकडं न पाहता सांगा, माझी साडी कोणती?"

"महेश्वरी, चटई काठ, मागच्या दिवाळीचा माल!"

"अन् माझ्या चष्म्याची फ्रेम कोणत्या रंगाची?"

अहो, चष्मा आहे हेच मले ठाऊक नव्हतं!

म्हणून हात जोडतो बाप्पा, दुकानाचा हिशेब मुनीम पाहून घेईल, पण घरच्या माणसाच्या काठाकडं किती पाहिलं अन् चेहऱ्याकडं किती, तो हिशेब तुम्ही तरी इमानदारीनं ठेवा.